आकसणारे वेष्टन

मालाला घट्ट बसणारे प्लास्टिकचे वेष्टन गोंदाने चिकटलेले नसते. कारखान्यात हा पातळ पापुद्रा गरम असता ताणतात व ताणलेल्या स्थितीतच थंड करतात. पुढे उष्णता लागताच तो पूर्ववत् होऊ पाहतो, आकसतो आणि मालास बिलगतो. धूळ बाहेर राहते खरी. परंतु आतील दमटपणाही आतच कोंडतो. आम्हा धान्यवाल्यांस तागाचे पोते प्रिय आहे ते याचकरिता. गहूही श्वास घेतो!

सराफ्यात पेढ्या मिटल्यावर रात्री मिठाईची दुकाने लागतात. त्या बंधूंनी ध्यानी घ्यावे की, मिठाईच्या डब्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर प्लास्टिकचे असे वेष्टन घालणे १ जुलै २०२२ पासून देशभर निषिद्ध आहे. विक्रीच नव्हे, त्याचा साठा करणेही नियमबाह्य होय.