क्रियांचा क्रम आणि ‘कंचेभागुबेव’चा योग्य अर्थ

एकाच उदाहरणात अनेक चिन्हे आली म्हणजे कोणती क्रिया आधी करावी, याविषयी वरच्या इयत्तांत पुष्कळ गोंधळ आढळतो. ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र बहुतेक विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा त्याचा विस्तारही ते सांगतात. परंतु सूत्र अक्षरशः पाळणारा विद्यार्थीच कित्येकदा चुकतो. आणि शिक्षकानेही उत्तरे तशीच तपासल्यास बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलावर अन्याय होतो. यास्तव सूत्रामागील कारण आपण प्रथम नीट पाहिले पाहिजे.

उल्हासनगर कॅम्प ४ मधील एखाद्या दुकानातून ५० रुपयांची एक पिशवी व प्रत्येकी २० रुपयांच्या तीन वह्या घेतल्या, असे समजू. मांडणी ५० + ३ × २० अशी होईल. गुणाकार म्हणजे बेरजेचे संक्षिप्त रूप. ३ × २० म्हणजे २० + २० + २०. तेव्हा एकूण रक्कम ११० रुपये. आधी ५० आणि ३ यांची बेरीज केली, तर रुपयांत वह्यांची संख्या मिळविल्यासारखे होते व उत्तर १०६० येते. गुणाकार आधी करण्याचे मर्म हे असे आहे.

आजकाल मुले दुकानात कॅल्क्युलेटर पाहतात. साध्या कॅल्क्युलेटरवर हीच चिन्हे ओळीने दाबली असता बहुधा १०६० हेच उत्तर दिसते, कारण ते यंत्र प्रत्येक क्रिया येईल तशी उरकते. शास्त्रीय कॅल्क्युलेटर मात्र ११० दाखवितो. जाणता दुकानदार प्रत्येक वस्तूचा गुणाकार निराळा करून मग बेरीज घेतो. यंत्र सांगते ते खरे, ही समजूत वर्गातच दूर करावी.

हा क्रम सर्वांनी मान्य केलेला संकेत आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित राहू लागले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सैन्य गेले, तरी कॅम्पचे क्रमांक पत्त्यात राहिले. सर्वांनी तो संकेत मानला म्हणूनच पत्र ठिकाणावर पोहोचते. गणितातील चिन्हांचेही तसेच आहे.

आता मुख्य चुकीकडे वळू. २० − ८ + ५ हे उदाहरण घ्या. सूत्रात ‘बे’ आधी व ‘व’ नंतर आहे, म्हणून विद्यार्थी ८ + ५ = १३ करून उत्तर ७ लिहितो. बरोबर उत्तर १७ आहे. दुकानात २० वह्या होत्या, ८ विकल्या, ५ नव्या आल्या. मग १७ च राहणार. ७ लिहिणाऱ्याने नव्या आलेल्या वह्याही विकून टाकल्या! दोन्ही वेळा विक्रीच झाली असती, तर २० − (८ + ५) असा कंस घालावा लागला असता. बेरीज व वजाबाकी या समान योग्यतेच्या क्रिया आहेत. त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने कराव्यात.

भागाकार व गुणाकार यांसही हाच नियम लागू आहे. २४ ÷ ४ × २ याचे उत्तर १२ येते. येथे गुणाकार आधी केल्यास ३ हे चुकीचे उत्तर येईल. ६ × ८ ÷ ४ यात मात्र कोणतीही क्रिया आधी केली तरी १२ च येतात. म्हणजे ‘भागु’ हा क्रम शब्दशः पाळल्याने अशा उदाहरणांत हानी होत नाही. ‘बेव’ पाळल्याने होते. सूत्राच्या शेवटच्या दोन अक्षरांकडे म्हणूनच विशेष लक्ष द्यावे.

‘चे’ हाही गुणाकारच, परंतु तो आधी करावयाचा. ‘२४ ÷ ८ चे १/२’ यात ८ चे १/२ म्हणजे ४, व २४ ÷ ४ = ६.

संदिग्ध उदाहरणे देण्याचा मोह टाळावा. २०१९ साली ८ ÷ २(२ + २) या मांडणीवरून जगभर वाद झाला. कोणी १६ म्हणत, कोणी १. अशा ठिकाणी दोष मांडणीचा असतो. एक कंस अधिक घातला की वाद मिटतो.

वर्गात पुढील पद्धती ठेवावी. प्रत्येक पायरीस एकच क्रिया करवावी, व करावयाच्या क्रियेखाली रेघ ओढवून घ्यावी. ४० − १५ + १० यासारखे उदाहरण फळ्यावर लिहून त्यास शोभेल अशी विक्रीची, प्रवासाची वा धान्याची गोष्ट मुलांकडून तयार करवावी. जो विद्यार्थी अशी गोष्ट रचू शकतो, त्यास क्रम समजला असे मानण्यास हरकत नाही. उत्तर निराळे आले, तर काट मारण्यापूर्वी ‘हे कसे काढलेस?’ एवढे विचारावे. पुष्कळदा चूक मुलाची नसते. पाठ केलेल्या सूत्राची असते.