शरीरांतील दाह व त्याचा लगाम

शेतांतून येतांना पायांत बाभळीचा कांटा मोडला, तर दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, सुजते, हाताला ऊन लागते व ठणकते. हा ठणका बराचसा आपल्याच शरीरानें निर्माण केलेला असतो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

त्वचेखालीं भक्षक पेशी पहाऱ्यास असतात. जंतूंच्या अंगावरील विशिष्ट द्रव्य त्यांच्या पृष्ठावरील ग्राहकांस लागलें कीं आंत खळबळ उडते. तेथें 'एनएफ-कप्पा-बी' नांवाचें प्रथिन एरवीं दुसऱ्या एका प्रथिनानें जखडून ठेवलेलें असतें. रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं तें १९८६ सालीं उजेडांत आणलें. इशारा मिळतांच जखडणारें प्रथिन नष्ट होतें. मोकळें झालेलें प्रथिन पेशीच्या केंद्रांत शिरतें आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ इत्यादि दाहकारक द्रव्यें तयार करण्याचे हुकूम सुटतात. हीं द्रव्यें म्हणजे पेशींचे जासूदच. रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी धावून येतात, ताप चढतो.

खरी मौज पुढेंच आहे. जें प्रथिन हे हुकूम सोडतें, तेंच स्वतःला जखडणाऱ्या प्रथिनाचाहि हुकूम सोडतें! थोड्याच वेळांत तें पुन्हां बंदिस्त होतें. शिवाय टीएनएफचा लेखी हुकूम, म्हणजे त्याचा संदेशवाहक आरएनए, मुळांतच अल्पायुषी; तो फाडून टाकणारीं प्रथिनें पेशींत सज्ज असतात. कांहीं वेळानें त्याच पेशी इंटरल्यूकिन-१० सोडून शेजारणींसहि आवरतात. आमच्या सोनगीरच्या तांबट आळींत हातोडा कोठें थांबवावा हें ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातून पत्रा फाटतो.

२०२० सालीं कोविडच्या सांथींत कांहीं रोग्यांचा हा लगाम सुटला व दाहानेंच फुप्फुसांची हानि झाली. त्या जूनमध्यें ब्रिटनमधील मोठ्या चाचणींत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनें प्राणवायु लागणाऱ्या रोग्यांतील मृत्यु घटल्याचें दिसलें. प्राणवायु न लागणाऱ्यांस लाभ झाला नाहीं. मात्रा दररोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. स्टेरॉइड वर सांगितलेले हुकूमच दाबून टाकतें. पण बुरशीस अडवणाऱ्या पेशीहि त्यानें मंदावतात, आणि रक्तांतील साखर वाढते ती निराळीच. २०२१ सालीं महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिसचे रोगी वाढले, त्यांत मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले पुष्कळ होते.

माझ्या परिचयाच्या एका मधुमेही गृहस्थांनीं शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या. त्यांचा डावा डोळा काढावा लागला. ते अजून मजकडे बुद्धिबळ खेळावयास येतात. मान डावीकडे वळवून पट पाहतात.