नदीतला बोया आणि दातांखालचे शिसे

ओंटारिओ सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्ट होप नावाचे टुमदार गाव आहे. फजरनंतर टोरांटोच्या आमच्या घरातून निघालो की तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. गावातून गनरास्का नदी वाहते आणि पुढे सरोवराला मिळते. एप्रिलच्या चौथ्या शनिवारी इथल्या अनेक प्रवाहांत ट्राउट माशाचा हंगाम उघडतो. त्या दिवशी पहाटेच काठावर बापलेक, आजोबा-नातवंडे लांबच लांब काठ्या घेऊन उभी असतात. गेल्या वर्षी त्या रांगेत आम्हीही होतो आणि आमच्यासोबत रत्नागिरीहून आलेले अब्बाही होते.

अब्बांचे आयुष्य खाडीच्या काठी गेले. पाग टाकणे, गरी लावणे, भरती-ओहोटीचा अंदाज घेणे हे त्यांना कोणी शिकवले नाही. ते त्यांच्या हाताला आपोआप आले. येताना त्यांनी बॅगेत तंबाखूच्या जुन्या डबीत गळ आणि शिशाच्या बारीक गोळ्या आणल्या होत्या. नदीवर पोहोचल्यावर त्यांनी तंगुसात एक गोळी अडकवली आणि सवयीने ती दातांनी दाबून बसवली. आमचा पाच वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. पाचच मिनिटांत त्याच्या तोंडात काहीतरी खुळखुळताना दिसले. बोट घालून बाहेर काढले तर शिशाची गोळी! विचारले तर म्हणाला, "दादांसारखे करतो."

गोळी पोटात गेली नव्हती. तरीही आम्ही डॉक्टरांकडे गेलो, रक्ताची तपासणी करून घेतली. अहवालात काळजीचे काही नव्हते, अल्हमदुलिल्लाह. पण त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. "साठ वर्षे हेच केले, बेटा. कोणी सांगितलेच नाही," एवढेच म्हणाले.

म्हणून हा लेख. नदीत बोया लावून मासा कसा धरतात, त्यात वजनाचा हिशेब कसा असतो हे आम्ही सांगणार आहोत. आणि ते वजन कशाचे असावे, हेही.

पाहुणा मासा

या नदीतल्या मोठ्या माशाला इथे स्टीलहेड म्हणतात. तो वेगळ्या जातीचा नाही. तो रेनबो ट्राउटच. फरक एवढाच की तो नदीत जन्मतो, मोठा व्हायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरचे. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाने त्याला उत्तर अमेरिकेच्या या महासरोवरांत आणून सोडले. इथे सरोवरच त्याचा समुद्र झाले. पॅसिफिकमधला सॅल्मन अंडी घालून मरतो. स्टीलहेड मात्र वाचला तर परत सरोवरात जातो आणि पुढल्या वर्षी पुन्हा येऊ शकतो.

पोर्ट होपला कॉर्बेट बंधाऱ्यापाशी माशांना वर चढण्यासाठी पायऱ्यांसारखी वाट बांधलेली आहे. वसंतात तिथे मासे उड्या मारताना पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे येतात. बंधाऱ्याजवळ गळ टाकायला मनाई आहे. तिथे फक्त पाहायचे.

वरचे पाणी पळते, खालचे रेंगाळते

काठावरून पाहणाऱ्याला नदी एकाच वेगाने वाहते असे वाटते. तसे नसते. तळाचे दगडगोटे पाण्याला अडवतात, म्हणून तळाशी वेग कमी आणि वर जास्त. थंड पाण्यात मासा आपली ताकद जपत तळालगत थांबतो. आमिष त्याच्यासमोरून, त्याच्या उंचीवरून आणि तळाच्या पाण्याच्या चालीने गेले तरच तो तोंड उघडतो.

अडचण इथेच आहे. बोया वरच्या वेगवान पाण्यावर असतो. तो पुढे धावतो, खालचे आमिष मागे ओढले जाते आणि तळापासून उचलले जाते. मासा खाली, आमिष वर. दिवसभर उभे राहा, हाती काही लागत नाही. वजनांची सारी मांडणी या एका अडचणीवरचा उपाय आहे.

दोरीची जोडणी

रिळावरचा मुख्य तंगूस साधारण 8 ते 10 पौंड ताकदीचा असतो. त्यावर बोया रबरी नळीच्या छोट्या तुकड्यांनी घट्ट बसवतात. नळ्या सरकवल्या की बोया वर-खाली करता येतो आणि खोली बदलता येते. बोयाखाली तंगुसावर वजनाच्या गोळ्या. मुख्य तंगुसाच्या टोकाला एक इवलीशी फिरती कडी. कडीला दीड ते दोन फुटांचा बारीक शेवटचा तुकडा आणि त्याच्या टोकाला गळ. आमिष म्हणून माशाची अंडी बारीक जाळीत बांधून त्यांची छोटी पुरचुंडी लावतात.

शेवटचा तुकडा मुख्य तंगुसापेक्षा कमी ताकदीचाच घ्यायचा. गळ दगडात अडकला आणि ओढावे लागले, तर तो तुकडा आधी तुटतो. गळ जातो, पण बोया आणि वजने हाती परत येतात, नदीच्या पोटात राहत नाहीत. गाठ आवळण्याआधी ती ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो.

गोळ्यांचा हिशेब

बोयावर तो किती ग्रॅम वजन पेलतो हे लिहिलेले असते. गोळ्यांची नावे इंग्लंडहून आलेली आहेत आणि लक्षात ठेवायला सोपी आहेत, कारण प्रत्येक पुढची गोळी आधीच्या निम्मी. एसएसजी 1.6 ग्रॅम, एएए 0.8, बीबी 0.4, चार नंबर 0.2 आणि सहा नंबर 0.1 ग्रॅम.

समजा बोया 6 ग्रॅमचा आहे. दोन एसएसजी झाल्या 3.2 ग्रॅम, दोन एएए 1.6 आणि दोन बीबी 0.8. एकूण 5.6 ग्रॅम. उरलेले कडी, गळ आणि आमिषासाठी सोडायचे. मग बोयाचे फक्त रंगीत टोक पाण्यावर राहते आणि माशाने हलकासा जरी ओढला तरी ते बुडते. वजन कमी पडले तर बोया उंच तरंगतो, माशाला तो जड लागतो आणि तो आमिष सोडून देतो.

मांडणी पाणी बघून करायची. पाणी संथ आणि उथळ असेल तर शर्टाच्या गुंड्यांसारख्या सारख्या अंतरावर गोळ्या. मध्यम वाहत्या पाण्यात मोठ्या गोळ्या वर बोयाकडे आणि गळाकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. हीच मांडणी सर्वांत जास्त उपयोगी पडते. पाणी खोल आणि वेगाचे असेल तर बहुतेक गोळ्या कडीच्या वर एकत्र, म्हणजे आमिष झटकन तळाकडे जाते. शेवटच्या तुकड्यावर एखादीच बारीक गोळी.

खोली अशी ठेवायची की आमिष तळापासून अर्धा-एक फूट वर राहील. बोया सारखा अडखळत असेल तर आमिष तळाला घासते आहे, बोया थोडा खाली सरकवा. सबंध फेरीत एकदाही काही लागत नसेल तर थोडा वर सरकवा.

आता उरते हाताचे काम. इथले लोक 13 फुटांच्या आसपासची काठी वापरतात, म्हणजे तंगूस पाण्याला न टेकता बोयापर्यंत जातो. गियर नसलेले, मोकळे फिरणारे मोठे चाकासारखे रीळ असते. त्याच्या कडेवर अंगठा हलकासा टेकवून बोयाला किंचित मागे धरायचे. मग बोयाचे टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला जरासे कलते. याचा अर्थ आमिष पुढे आहे, बोया मागे. टोक खालच्या बाजूला झुकले तर उलटे समजा.

हे आम्हाला समजायला दोन हंगाम लागले. अब्बांनी पहिल्याच तासात बोयाकडे बघत सांगितले, "वरचा पुढे पळतोय, त्याला जरा धर." नदी परकी होती, पाणी नव्हते.

शिसे का नको

शिसे जड, मऊ आणि स्वस्त. म्हणून जगभर गळाला आणि जाळ्याला तेच लावले गेले. आपल्या कोकणात पागाच्या काठाला शिशाचेच मणी असतात. लहानपणी आम्ही चुलीवर शिसे वितळवताना पाहिले आहे. भोवती आम्ही मुले बसलेली आणि शेजारीच भाकरी भाजलेली.

जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. पोटात गेलेल्या तेवढ्याच शिशातून लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. त्याचा मार वाढत्या मेंदूवर बसतो आणि ते नुकसान भरून निघत नाही.

पाखरांचेही तेच. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतो. खडा समजून त्याने शिशाची एक गोळी गिळली तरी काही आठवड्यांत मरतो. इंग्लंडमध्ये हंस असेच मरत होते. तिथे 1987 पासून 28 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. त्याच वर्षी कॅनडाने एक डॉलरचे नाणे काढले. त्यावर लूनच आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत मासेमारीसाठी 50 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे शिसे बाळगायलाही मनाई आहे.

पर्याय आहे. कथलाच्या गोळ्या मिळतात. कथील शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी आकाराने मोठी होते, त्यामुळे गोळीच्या आकारावर न जाता पाकिटावरचे ग्रॅम पाहून हिशेब करायचा. टंगस्टन शिशाहूनही जड, पण महाग. आम्ही कथील वापरतो. किंमत थोडी जास्त पडते. पण एक पाकीट हंगामभर पुरते.

घरात पाळायच्या गोष्टी

गोळी कशाचीही असो, दातांनी दाबू नका. छोटी पक्कड वापरा. लहान मुले करंगळीएवढी वस्तू तोंडात घालतातच, म्हणून डबीला झाकण हवे आणि डबी उंचावर हवी. शिसे हाताळले असेल तर खाण्याआधी साबणाने हात धुवा. जाळ्यासाठी शिसे वितळवायचेच असेल तर ते स्वयंपाकाच्या चुलीवर आणि स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही नको. मुले आणि गरोदर बाया जवळ नकोत.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा नदीवर गेलो. अब्बांची तंबाखूची डबी वाटेत नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रात दिली. ती देताना ते थोडे घुटमळले, मग स्वतःच हाताने पुढे केली. नदीवर त्यांनी नातवाच्या हातात छोटी पक्कड दिली आणि कथलाची गोळी कशी बसवायची ते दाखवले. एक स्टीलहेड लागला, मादी होती, पोट अंड्यांनी भरलेले. अब्बांनी हात ओले केले, पाण्यातच गळ काढला आणि तिला सोडून दिले.

अब्बा आता रत्नागिरीत आहेत. परवा फोनवर सांगत होते, शेजारच्या पोराला दातांनी शिसे दाबताना पाहिले आणि त्याला थांबवून पक्कड दिली. आपल्या घरात कोणी जाळे विणत असेल, गरी टाकत असेल, तर तुम्हीही एवढे करा.