अनेक हातांचे एक वळण

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहिताना ओळ समासापासून किती अंतरावर सुरू करावी, कंस कोठे उघडावा, नावे कशी ठेवावीत, यांसाठी शहाण्यासुरत्या माणसांनी नियमावल्या केल्या आहेत असे सांगितले, तर पुष्कळांना हसू येईल. यंत्राला या सजावटीशी काय कर्तव्य? बहुतेक भाषांत ते खरोखरच नसते. मग हा खटाटोप कोणासाठी? आमचे उत्तर असे की, तो वाचणाऱ्या माणसासाठी आहे.

हे ध्यानात येण्यासाठी मुक्तस्रोत प्रकल्प म्हणजे काय ते प्रथम पाहू. अशा प्रकल्पातील आज्ञावली सर्वांना खुली असते. ती कोणीही वाचावी, सुधारावी आणि सुधारणा चालकांकडे पाठवावी. १९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. आजवर जगभरच्या हजारो माणसांचे हात तिच्या गाभ्याला लागले आहेत. यांतील पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे आणि काही वर्षांनी तिसऱ्याच कोणी दुरुस्त करायचे, असा हा संसार आहे. प्रत्येकाने आपल्याच वळणाने लिहिले, तर वाचणाऱ्याचा निम्मा वेळ अक्षर लावण्यातच जावयाचा!

म्हणून लिनक्सच्या गाभ्यासाठी नियम असा की, एका आज्ञेच्या पोटात दुसरी आली की ती आठ अक्षरांइतकी आत सरकवावी; आणि तीनांहून अधिक पायऱ्या होऊ लागल्या, तर मांडणीच फिरून करावी. पायथन भाषेसाठी २००१ साली ‘पेप ८’ ही नियमावली झाली. तिच्यात चार अक्षरांचे अंतर आणि ७९ अक्षरांची ओळ सांगितली आहे. आठ बरे की चार, हा प्रश्न गौण आहे. एका घरात एकच चाल असावी, हे मुख्य.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न आहे असे मात्र कोणी समजू नये. ॲपल कंपनीच्या ज्या आज्ञावलीवर सुरक्षित दळणवळणाची भिस्त होती, तिच्यातील एक दोष फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीस आला. ‘अमुक चूक आढळल्यास थेट शेवटाकडे जा’ अशी आज्ञा होती. तिच्यातील ‘शेवटाकडे जा’ ही ओळ नजरचुकीने दोनदा पडली. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या असल्यामुळे डोळ्यांना दोन्ही अटीखालच्या वाटत. परंतु महिरपी कंस घातलेला नसल्याने यंत्राच्या लेखी अट पहिलीपुरतीच होती. दुसरी ओळ प्रत्येक वेळी पाळली जाई आणि पुढची महत्त्वाची पडताळणी वगळूनच ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा मिळे. एक ओळीची आज्ञासुद्धा कंसातच लिहावी असा नियम तेथे पाळला असता, तर ती जादा ओळ कंसात राहून निरुपद्रवी ठरती, किंवा कंसाबाहेर पडून डोळ्यांत भरती.

नियम आला की तंटा आला, हेही खरेच. कंसाच्या जागेवरून सुशिक्षित माणसे हातघाईवर येतात! यावर ‘गो’ भाषेच्या कर्त्यांनी नामी तोड काढली. त्यांनी ‘गोफम्ट’ नावाचे साधनच करून ठेवले. कोणीही कसेही लिहावे, ते साधन सर्वांचे लेखन एका वळणावर आणून देते. वाद घालावयास जागाच उरत नाही, आणि तपासणाऱ्याला अर्थाकडे लक्ष देता येते.

तरीही नियमांची पूजा करू नये. ८० अक्षरांच्या ओळीची मर्यादा घ्या. आयबीएम कंपनीच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते. पुढे पडद्यांनीही तेच माप उचलले. रुंद पडदे येऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, २०२० साली, लिनक्सच्या तपासणी-साधनाने इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली. ‘पेप ८’ तर स्वतःच बजावते की, नियमाने वाचणे अवघड होत असेल, तर तेथे नियम बाजूला ठेवावा.

आम्हांस यात सार्वजनिक कार्याचे एक मर्म दिसते. आपल्या लकबीला थोडी मुरड घालणे म्हणजे व्यक्तित्व गमावणे नव्हे. बुद्धीची चमक दाखवावयास आज्ञावलीचा आशय मोकळाच आहे. वळण तेवढे सर्वांचे असावे. कारण आपण लिहिलेले उद्या जो उघडून बसेल, त्याला शंका विचारावयास आपण कदाचित जवळ नसू.