मधलं गाळून

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा पेढे मीही खाल्ले. राजगड यादीत आहे, रायगडही आहे. मधला तोरणा नाही. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण या हिवाळ्यात भाच्याने राजगड-तोरणा-रायगड ‘रेंज ट्रेक’ची एक जाहिरात दाखवली. राजगडावरून तोरणा, मग वेल्ह्यात उतरून गाडीने थेट मोहरी, तिथून नाळेने खाली. सॅका गाडीत. जिथे डोंगर चालायचा, नेमका तेवढाच भाग गाळलेला.

डोंगरभटकंतीच्या साठ-सत्तरच्या दशकांवर मी बोलणार नाही. गोनीदांनी गडांचं वेड लावलं हे खरंच, पण ते सांगणारी भाषणं ऐकून कान किटले. दोन हजारनंतरचंही सोडून देऊ. डिजिटल कॅमेरे आले, फोटो वाढले, चालणं घटलं. माझी वर्षं नव्वदीची.

स्वारगेटहून एसटीने निघायचं, संध्याकाळी गुंजवण्यातून राजगड चढायचा, पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायची. थंडी अशी की पांघरायला आणलेलं सगळं अंगावर घालूनही झोप लागायची नाही, त्यामुळे पहाटे उठण्याचा प्रश्नच नसे. संजीवनी माचीवरून, अळू दरवाजातून धारेवर. ही वाट हिवाळ्याचीच. पावसात धुक्यामुळे धार दिसत नाही, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. डिसेंबर-जानेवारीत पाणी मिळतं, पण वाळलेलं गवत उभ्या उतारावर बुटाखालून असं सटकतं की त्यापेक्षा घसारा परवडला. शिवाय खाजकुयलीच्या शेंगा तेव्हाच वाळतात. बुधला माचीवरून तोरण्यात शिरून मेंगाईच्या देवळात मुक्काम. गडावर ब्रह्मपिशाच आहे, राहू नका, असं खालचे लोक बजावायचे. आम्हाला तिथे फक्त उंदीर भेटले.

खरी मजा तोरण्याच्या पुढे. हारपूडकडे जाताना कारवीत ढोरवाटा फुटायच्या आणि प्रत्येक ढोरवाट आपणच खरी म्हणून सांगायची. गुराख्याला विचारलं की ‘ही काय, सोंडेपल्याड’ असं उत्तर. ती सोंड दोन तासांनी यायची. रात्री शाळेच्या ओसरीवर निजायचं. कुणाच्या तरी घरून नाचणीची भाकरी यायची आणि मागोमाग ‘तापाची गोळी हाय का?’ आमच्या सॅकमधलं औषधाचं पाकीट आमच्यापेक्षा गावालाच जास्त उपयोगी पडलं. तिथून मोहरी. मग बोराट्याची नाळ उतरून लिंगाण्याच्या पायाशी, नाहीतर सिंगापूरची नाळ उतरून खालचं दापोली गाव, आणि काळ नदी ओलांडली की समोर रायगड.

तेव्हाही सगळे साधू नव्हते. एका संस्थेचे म्होरके दर हिवाळ्यात हीच रेंज घड्याळ लावून ‘मारायचे’. गावात पाण्यालाही थांबायचे नाहीत. वाट विचारण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी खडकांवर पिवळे बाण रंगवले. मी त्यांच्या बैठकीत भांडलो, तर मलाच आळशी ठरवलं. त्यांच्यातलेच काही जण पुढे गाडीवाल्या सहलींच्या धंद्यात उतरले. मला आश्चर्य वाटलं नाही. मधला भाग त्यांनी तेव्हाच गाळला होता.

१९९६ला रायगडावर रोपवे झाला, त्यावर माझा राग नाही. ज्यांचे गुडघे गेले त्यांनाही गड दिसला. मोहरीच्या रस्त्याबद्दलही वाईट बोलवत नाही. तिथल्या आजाऱ्याला डोलीतून न्यावं लागण्याचे दिवस सरले, तर ते बरंच झालं. पण रस्ता गावासाठी आहे. पाठीवर सॅक असलेल्या, विशीतल्या धडधाकट पोरांनी त्यावरून गाडीत बसून डोंगर टाळावा, याला काय म्हणायचं? यादीत न बसलेला तोरणा निदान गड म्हणून उभा राहील. त्याच्यापुढच्या वाटेला कोण विचारतो?

पोरं पुण्या-मुंबईला गेली, गुरं कमी झाली, ढोरवाटा कारवीत बुजत चालल्या. परवा तिकडे गेलो तर अर्धा दिवस वाट विचारायला माणूस नाही. खडकांवरचे ते पिवळे बाण मात्र पुसट का होईना, अजून ओळखू येतात. त्यांच्याच आधाराने मोहरी गाठावी लागली, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.