शब्दांचे शिक्षण आणि घरची बोली

शब्दाचा अर्थ म्हणजे केवळ त्याचा प्रतिशब्द नव्हे, ही गोष्ट मुलांना शब्द शिकविताना सहज विसरली जाते. फळ्यावर दहा कठीण शब्द व त्यांपुढे दहा सोपे शब्द लिहून ते पाठ करून घेतले, की काम संपले असे आपण मानतो. परंतु परीक्षेनंतर त्यांतील किती शब्द मुलांच्या बोलण्यात उरतात?

सुरतेतील गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली पुष्कळ कुटुंबे येथे राहतात. घरात बहुधा अहिराणी, रस्त्यावर गुजराती व हिंदी, आणि मराठी शाळेत प्रमाण मराठी, अशी मुलाची दिनचर्या असते. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सक्तीचा झाला आहे. अशा मुलाजवळ शब्द नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होय. शब्द आहेत; ते पुस्तकातले नाहीत, इतकेच.

तेव्हा आरंभ त्याच्या शब्दापासूनच करावा. मूल 'आंडोर' म्हणाले, तर तो शब्द फळ्यावर लिहून त्याशेजारी 'मुलगा', 'पुत्र', 'चिरंजीव' लिहावे, आणि लग्नपत्रिकेत यांपैकी कोणता शोभतो ते विचारावे. सारख्या दिसणाऱ्या शब्दांतील भेदही असाच दाखवावा. मराठी 'खाली' म्हणजे तळाकडे, गुजराती 'खाली' म्हणजे रिकामे; मराठी 'काल' होऊन गेलेला दिवस, गुजराती 'काल' मात्र उद्याचाही असू शकतो. भेद कळला की अर्थ पक्का होतो.

शब्दांना कुळेही असतात. मागावरचा 'ताणा' ज्याने पाहिला आहे, त्याला 'ताणणे', 'ताण', 'तणाव' हे शब्द परके वाटणार नाहीत. शिकविलेला शब्द मात्र काही दिवसांनी, निराळ्या वाक्यात, मुलाकडून पुन्हा वदवून घेतला पाहिजे; एकदा ऐकलेला शब्द क्वचितच आपला होतो.

१९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशातील बोलीचे सामर्थ्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तरीही वर्गात 'आंडोर' ऐकून हसू पिकते. त्या हसण्याने मूल गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या मुलाला नवा शब्द वापरून पाहण्याची संधीच उरत नाही.