पत्त्यांच्या डावातून अणुभट्टीचं गणित

१९४६ साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकट्यानेच पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती? सूत्र मांडण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेलं बरं, असं त्यांना वाटलं. गणितज्ञाचा आळसही कामाला येतो! मग त्यांना सुचलं, अणुकेंद्रं फोडणाऱ्या न्यूट्रॉनच्या प्रवासाचंही तसंच करायचं: तो कुठे आदळेल, शोषला जाईल की युरेनियमचं अणुकेंद्र फोडेल, हे दर वळणावर यादृच्छिक आकड्याने ठरवायचं. त्यांचे सहकारी गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी या गणनेचा आराखडा रचला. १९४८ मध्ये एनियाक संगणकावर तो चालला. उलाम यांचे काका उसने पैसे घेऊन माँटे कार्लोला जुगाराला जात, म्हणून पद्धतीचं नाव पडलं ‘माँटे कार्लो’. अणुअभियांत्रिकीच्या संगणन परिषदांत आजही या पद्धतीवर शोधनिबंध वाचले जातात. अडचण जुनीच: अचूकता दहापट हवी, तर न्यूट्रॉन शंभरपट सोडावे लागतात.